सोळा आण्यांची माती : इंदापूरच्या प्रतबंदीपासून पाडेगावच्या खड्ड्यापर्यंत

१/
इ.स. १८३५. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका. शेताचे नकाशावर चौकोनी भाग पाडलेले, प्रत्येक भागात जमीन उकरून मुरूम किंवा खडक किती हातांवर लागतो ते पाहिले जात आहे आणि कारकून त्याची नोंद करतो आहे. या नोंदीवर शेतकऱ्याचा पुढील तीस वर्षांचा धारा ठरणार होता. दख्खनच्या मातीचे आधुनिक काळातील पहिले व्यापक वर्गीकरण प्रयोगशाळेत झाले नाही. ते महसुलाच्या दप्तरात झाले.

२/
या प्रतबंदीत ज्या जमिनीला पूर्ण सोळा आणे मिळाले, तिच्यापैकी बरीचशी जमीन पुढे पन्नास-पाऊणशे वर्षांत, कालव्याचे पाणी आल्यावर, क्षाराने पांढरी पडण्याच्या धोक्यात आली. उत्तम ठरलेली मातीच आधी का बिघडावी, या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता पुण्याच्या परिसरात मृदाशास्त्र घडत गेले. कृषी पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवली जाणारी बहुतेक तत्त्वे या एका कथेत भेटतात. हा धागा त्या कथेचा.

३/
आरंभ शेतकऱ्याच्या शब्दांपासून करणे योग्य. मराठी मुलखात गावाचे दोन भाग मानले जात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षांच्या चुलीची राख, चुना, पडक्या भिंतींची माती यांनी वस्तीची जमीन फिकट होते, हे त्यामागील निरीक्षण. पुरातत्त्वज्ञ आजही जुन्या वस्तीच्या टेकाडांना पांढरीची टेकाडे म्हणतात. मनुष्यवस्तीने मातीचे गुणधर्म बदलतात, हा सिद्धान्त या दोन शब्दांत आधीच आलेला होता.

४/
काळीतही भेद होते. माळ, बरड, मुरमाड, तांबडी, मळईची, चुनखडीची, खारवट, चोपण. महसुलाच्या भाषेत अव्वल, दूम, सीम अशा प्रती होत्या. या वर्गीकरणाची मर्यादा एवढीच की ते गावापुरते होते. एका गावची अव्वल जमीन दुसऱ्या गावच्या दूम जमिनीहून हलकी असू शके. संपूर्ण जिल्ह्याला एकच मोजपट्टी लावण्याची गरज शेतकऱ्याला नव्हती. ती राज्यकर्त्याला होती.

५/
१८१८ मध्ये पेशवाई संपली. पुढच्या दशकात रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची पाहणी केली. त्याच्या डोक्यात रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. कागदावर हा हिशेब निर्दोष होता. प्रत्यक्षात आकडे चुकीचे होते, कारकुनांचे हात ओले होत होते आणि धान्याचे भाव उतरत होते. शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले.

६/
या अपयशावर उपाय शोधण्यासाठी एच. ई. गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हा अभियंता यांनी १८३५ मध्ये इंदापुरात नवी पाहणी सुरू केली. निव्वळ उत्पन्न मोजण्याचा नाद त्यांनी सोडला. तालुक्यावरील एकूण आकारणी मागील वसुली, पाऊस, बाजारपेठ यांवरून ठरवायची आणि ती शेताशेतांत वाटण्यासाठी फक्त मातीची सापेक्ष किंमत काढायची, असा त्यांचा बेत. उत्पन्न लपवता येते, मातीची खोली लपवता येत नाही.

७/
ही पद्धत पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झाली. तिचे गणित पाहण्याजोगे आहे. मातीचे तीन वर्ग केले. पहिला : बारीक, एकजीव, गर्द काळ्यापासून तपकिरी रंगापर्यंतची माती. दुसरा : एकजीवच, पण जरा जाड कणांची, फिकट, बहुधा तांबूस. तिसरा : खडेयुक्त किंवा भुसभुशीत, फिकट तपकिरी ते करडी. आजच्या भाषेत हे पोत आणि रंग यांवरचे वर्गीकरण होय.

८/
त्यानंतर खोली. एकक होते हात. पहिल्या वर्गाची माती पावणेदोन हात खोल असली की सोळा आणे. दीड हाताला चौदा, सव्वा हाताला बारा, एका हाताला दहा, पाऊण हाताला आठ, अर्ध्या हाताला सहा, पाव हाताला साडेचार. दुसऱ्या वर्गाची माती तितक्याच खोलीला एक पायरी खाली. तिसऱ्या वर्गाची एक हात खोल माती सहा आण्यांपासून सुरू होई, आणि पाव हाताची माती दोन आण्यांवर थांबे. एकूण नऊ प्रती.

९/
मग दोष. चुनखडीचे बारीक खडे (चुनखड), वाळूची मिसळ (वाळसर), उतार (उतरवट), कणांत चिकटपणा नसणे, पाणी आत न मुरणे, वाहत्या पाण्याने वाहून जाण्याचा धोका (धुपण) आणि झऱ्यांमुळे साचणारा जादा ओलावा (उपळवट). दर दोषाला माती एक प्रत खाली उतरे. धूप, निचरा, पाणी मुरण्याचा वेग, चुन्याचे प्रमाण : आजच्या पाठ्यपुस्तकातील प्रकरणांची नावे येथे मराठी शब्दांत हजर आहेत.

१०/
खोलीला एवढे महत्त्व का? कारण इंदापूर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख. येथील मुख्य आधार रब्बी ज्वारी. ती पेरली जाते पावसाळा सरत आल्यावर आणि वाढते मातीने साठवलेल्या ओलीवर. म्हणजे माती ही येथे पाण्याची टाकी आहे. पाव हात माती म्हणजे लहान घागर, पावणेदोन हात माती म्हणजे मोठा रांजण. मुरमावरची ज्वारी फुलोऱ्याआधीच सुकते आणि खोल काळीतली कणसात भरते. आण्यांची ही मोजपट्टी कोरडवाहू शेतीसाठी पुष्कळच खरी होती.

११/
या मातीचा उगम पाहू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून दख्खनचा बेसॉल्ट खडक तयार झाला. या काळ्या पाषाणात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि काही सोडियम असलेली खनिजे आहेत. कोकणात आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर प्रचंड पाऊस ही मूलद्रव्ये धुऊन नेतो आणि लोह-ॲल्युमिनियमचा जांभा मागे राहतो. घाटाच्या पूर्वेला पाऊस कमी. तेथे ही मूलद्रव्ये मागे राहतात आणि खडकापासून माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती बनते. खडक एक, हवामान दोन, आणि माती अगदी वेगळी.

१२/
माँटमोरिलोनाइटचे कण पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, वरची माती त्यांत कोसळते, पावसात जमीन पुन्हा फुगते. वरची माती खाली आणि खालची वर, असे शेत आपोआप ढवळले जाते. जागतिक वर्गीकरणात अशा मातीला ‘व्हर्टिसोल’ म्हणतात आणि त्या नावाच्या मुळाशी ‘उलटणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे.

१३/
एक सार्वत्रिक गैरसमज येथे दूर करावा. काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय द्रव्य, असे नाही. रशियातील काळी माती गवताळ प्रदेशातील सेंद्रिय द्रव्याने काळी झाली आहे आणि १८८३ मध्ये डोकुचायेव यांनी तिच्यावर लिहिलेल्या ग्रंथाने मृदाशास्त्राला स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले. दख्खनच्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. येथील काळेपणा मुख्यतः चिकणमातीशी घट्ट बांधल्या गेलेल्या थोड्या सेंद्रिय द्रव्याचा आणि मूळ खडकातील खनिजांचा आहे.

१४/
आता इंदापूरकडे परत. १८६७ पासून पहिल्या तीस वर्षांच्या मुदती संपून फेरआकारणी झाली आणि धारा मोठ्या प्रमाणात वाढला. त्याच सुमारास कापसाचे भाव कोसळले. सावकारी कर्ज वाढत गेले आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ. मातीची प्रत कितीही अचूक काढली, तरी टाकीत पाणीच पडले नाही तर तिची किंमत शून्य, हे या दुष्काळाने दाखवले. सरकारचे लक्ष आता कालव्यांकडे वळले.

१५/
वीर येथे नीरा नदीवर बंधारा झाला. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. भाटघरचे धरण त्यानंतर काही वर्षांत पुरे झाले. कालव्याचे पाणी पुरंदरच्या कडेने बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पोचले, म्हणजे बरोबर त्याच जमिनींवर, ज्यांच्या प्रती पन्नास वर्षांपूर्वी लागल्या होत्या. ऊस लावण्याची कला जाणणारे सासवडचे माळी या पट्ट्यात जमिनी खंडाने घेऊ लागले. गुऱ्हाळे सुरू झाली, गुळाचा पैसा दिसू लागला.

१६/
आणि थोड्याच वर्षांत सखल भागातील काही रानांत उन्हाळ्यात पांढरी पूड फुलू लागली. आधी ऊस पिवळा पडला, मग उगवेना. ज्वारीसुद्धा येईनाशी झाली. विहिरींचे पाणी वर आले, ओढ्याकाठची शेते बारमाही ओली राहू लागली. प्रतबंदीच्या भाषेत सांगायचे तर, जो उपळवट दोष एखाद्या झऱ्याजवळच्या तुकड्यापुरता होता, तो आता सबंध शिवारांचा होऊ लागला.

१७/
हे का घडले? खोल काळी माती कोठे सापडते ते पाहा. माथ्यावर माळ, तेथे वीतभर माती. उतारावर मध्यम. तळाशी, ओढ्यानदीच्या बाजूला, हजारो वर्षे वरून वाहून आलेल्या बारीक कणांची खोल काळी. म्हणजे सोळा आण्यांची जमीन बहुधा सखलातच असणार. वरून झिरपणारे पाणीही तेथेच येणार. त्यात चिकणमाती एकदा फुगली की तिच्यातून पाणी फार सावकाश सरकते. उत्तम टाकीचा गुण हाच की ती गळत नाही, आणि सिंचनात नेमका तोच दोष ठरला.

१८/
कोरडवाहू काळात पावसाचे पाणी क्षारांना खाली ढकलत असे आणि ते तेथेच पडून राहत. कालव्याने भूजलाची पातळी वर आली आणि विरघळलेले क्षारही तिच्याबरोबर वर आले. पातळी जमिनीखाली दीड-दोन मीटरवर पोचली, की दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून पृष्ठभागाकडे चढते. ऊन पाणी उडवून नेते. क्षार मागे राहतात. प्रत्येक उन्हाळा एक नवा थर देतो.

१९/
विंगेटची मोजणी येथे का अपुरी पडली, ते आता स्पष्ट होईल. त्यांची पट्टी पावणेदोन हातांवर, म्हणजे साधारण ८० सेंटिमीटरवर संपत होती. त्याखाली चार हात चिकणमाती आहे की लगेच निचऱ्याचा मुरूम, याला आण्यांत काहीच स्थान नव्हते. कोरडवाहू ज्वारीला त्याची फारशी गरजही नव्हती. सिंचनाखाली मात्र शेताचे भवितव्य नेमके त्या न पाहिलेल्या थरात होते. आठ-दहा आण्यांची, मुरमावर बसलेली मध्यम जमीन उसाखाली टिकली, आणि सोळा आण्यांची अडचणीत आली.

२०/
या प्रश्नाकडे आधी पाहिले ते अभियंत्यांनी. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी शतकाच्या वळणावर नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली. पाणी मिळणारे क्षेत्र गटांत बांधायचे, गटाच्या साधारण एक-तृतीयांश भागातच एका वेळी ऊस, उरलेल्यात कमी पाण्याची पिके, आणि पाळीपाळीने फेरपालट. पाणी अधिक गावांना पोचावे हा हेतू होताच, पण एकाच सखल पट्टीवर वर्षानुवर्षे पाणी ओतले जाऊ नये, हाही लाभ तिच्यात होता.

२१/
त्याच विज्ञान महाविद्यालयात १८७९ पासून शेतीचा वर्ग चालत असे. त्यातून १९०७-०८ मध्ये पुण्याचे स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले. प्राचार्य झाले हॅरॉल्ड मान, चहाच्या मळ्यांवर काम करून आलेले रसायनशास्त्रज्ञ. १९१० मध्ये मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांची नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवरील पत्रिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने प्रसिद्ध केली. दख्खनच्या खारवट जमिनीचा प्रश्न आता महसुलाच्या दप्तरातून रसायनशास्त्रज्ञाच्या मेजावर आला.

२२/
मान यांना माती आणि मनुष्य वेगळे करून पाहणे मान्य नव्हते. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि १९१७ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. १७७१ मध्ये तेथील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. पुढे एन. व्ही. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तुकडा इतका लहान झाला की चर खोदायचा कोणी, आणि तो न्यायचा कोणाच्या शेतातून, हा प्रश्नही मृदाशास्त्राचाच होतो.

२३/
१९१६ मध्ये मुंबई सरकारने पुण्यात सिंचनाचा एक खास विभाग स्थापला. शेतीच्या गरजांनुसार सिंचनपद्धती सुधारणे हे त्याचे मर्यादित काम होते. क्लॉड इंग्लिस यांच्या नेतृत्वाखाली दख्खनच्या कालव्यांचा, पाणथळ जमिनींचा आणि बारामती भागातील निचऱ्याचा अभ्यास झाला. धरणे, बंदरे आणि नद्या यांच्या प्रतिकृतींसाठी आज प्रसिद्ध असलेली खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था या लहानशा विभागातूनच वाढली.

२४/
क्षारजमीन एकाच जातीची नसते, आणि विद्यार्थ्याने हा भेद नीट लक्षात ठेवावा. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार फार असतात, पण मातीची रचना शाबूत असते. वर पांढरा थर, आत माती भुसभुशीत. चोपण जमिनीत सोडियम चिकणमातीच्या कणांनाच चिकटलेला असतो. ती ओली झाली की चिखल, वाळली की चोपून काढलेल्या अंगणासारखी टणक. आजच्या प्रचलित निकषांनुसार सामू ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असेल, तर ती चोपण.

२५/
यामागचे रसायन सोपे आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते धन भाराचे आयन धरून ठेवतात. कॅल्शियम दोन भारांचा. तो कणांना जवळ आणतो, त्यांचे गोळे बनतात, मधल्या पोकळ्यांतून हवा-पाणी खेळते. सोडियम एकाच भाराचा आणि पाण्याचे जाड वेष्टन घेऊन येणारा. त्याची संख्या वाढली की कण एकमेकांपासून सुटतात, पोकळ्या बुजतात आणि माती मुकी होते. नांगराला जाणवणारा टणकपणा हा या अदृश्य अदलाबदलीचा परिणाम.

२६/
म्हणून उपायही दोन. खारवट जमिनीला चर काढून द्यावेत आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. चोपण जमिनीत नुसते पाणी सोडले तर ती अधिकच बिघडू शकते, कारण मोकळे क्षार निघून जातात आणि सोडियमला रान मोकळे मिळते. तेथे आधी जिप्सम घालायचे. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर बाहेर जातो. पण बाहेर जायला वाट हवी. निचरा नसेल तर जिप्समची पोतीही वायाच जातात.

२७/
१९३२ मध्ये नीरेच्या खोऱ्यात, फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. येथे जे. के. बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालव्याखालील जमिनींची नवी पाहणी केली. बसू आणि सिरूर यांचा नीरा उजवा आणि प्रवरा कालव्यांच्या मातीवरील निबंध १९३८ मध्ये आला. पद्धत होती मृदा-परिच्छेदाची : खोल खड्डा घ्यायचा आणि उभ्या भिंतीवर एकेक थर वाचायचा. रंग, पोत, चुन्याचा साठा, क्षार, खालचा मुरूम, निचरा.

२८/
वरवर पाहता हे १८३५ च्या कृत्यासारखेच : जमीन खणा आणि पाहा. प्रश्न मात्र बदलला होता. विंगेट विचारत होते, ‘ही माती किती देऊ शकेल?’ बसूंचा प्रश्न होता, ‘ही माती कशी घडली, आणि पाणी दिल्यावर तिचे काय होईल?’ मातीला तिच्या जन्मकथेवरून ओळखावे, हा रशियन परंपरेतून आलेला विचार नीरेकाठी असा कामाला आला. कोणत्या जमिनीत ऊस घ्यावा, कोठे टाळावा, हे आता आण्यांपेक्षा थरांवरून सांगता येऊ लागले.

२९/
कोरडवाहू बाजूही दुर्लक्षित राहिली नाही. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे कानिटकरांनी कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू केले आणि १९३३ मध्ये त्याचा मोठा विस्तार सोलापुरात झाला. पाऊस किती पडतो यापेक्षा किती मुरतो, हा त्या कामाचा गाभा. बांध घालणे, उताराला आडवी मशागत, मर्यादित रोपसंख्या या शिफारशी त्यातून पुढे आल्या. धुपण हा प्रतबंदीतला एक दोष होता. आता तो स्वतंत्र संशोधनाचा विषय झाला.

३०/
जुनी पाहणी मात्र पूर्णपणे इतिहासजमा झालेली नाही. सातबाऱ्यावरील ‘आकार’ आणि ‘पोटखराब’ हे रकाने त्याच परंपरेचे वंशज. पिकाच्या अंदाजाची आणेवारी दशमान नाण्यांनंतर पैसेवारी झाली आणि ती आजही टंचाई ठरवण्याच्या कामी येते. आणे चलनातून गेले, तरी रुपयाच्या अंशाने शेती मोजण्याची सवय मागे राहिली.

३१/
२०१५ पासून शेतकऱ्याच्या हाती मृदा आरोग्य पत्रिका येते. तिच्यात बारा घटक : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. खताची मात्रा ठरवायला ती उपयोगी आहे. पण नमुना घेतला जातो तो साधारणतः वरच्या १५ ते २० सेंटिमीटरमधून, म्हणजे विंगेटच्या जुन्या हाताच्या निम्म्याहूनही कमी खोलीतून. भूजल कोठवर आले आहे, खाली मुरूम आहे की चिकणमाती, हे त्या कागदाला विचारता येत नाही.

३२/
हा प्रश्न नीरेपुरता राहिलेला नाही. कृष्णाकाठी सांगली-मिरजेच्या उसाच्या पट्ट्यातही हजारो एकर जमीन क्षारपड झाली आहे. तेथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करण्याचे काम चालते आणि अनुभव हाच की एकट्या शेतकऱ्याला ते जमत नाही. पाइपातून निघालेले पाणी ओढ्यापर्यंत न्यायला शेजारच्या दहा जणांची संमती लागते. पिंपळे सौदागरात मान यांनी मोजलेले तुकडे येथे पुन्हा आडवे येतात.

३३/
पिंपळे सौदागरची काळी आज उंच इमारतींखाली आहे. शहराच्या मध्यावर शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाची शेते अजून उभी आहेत आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला तेथे परिच्छेद वाचायला शिकवतात. खड्ड्यात उतरायचे, सुरीने भिंत ताजी करायची, ढेकूळ ओले करून बोटांत चोळायचे, सौम्य आम्लाचा थेंब टाकून चुना फसफसतो का ते पाहायचे आणि भिंतीच्या तळाशी काय आहे ते लिहून ठेवायचे. इंदापूरच्या प्रतबंदीत ही शेवटची नोंद नव्हती. बारामतीच्या सखल रानांनी तिची किंमत भरली. (समाप्त)